पिकअप विकायची की इंजिनकाम करायचं?

गुरुवारच्या या वेळेला आपण एरवी शेळ्या, परसबाग, बँकेचे कागद असं काहीतरी ऐकतो. आजचा विषय इंजिनाचा आहे. ऐकून लगेच रेडिओ बंद करू नका. तुमच्या गटाकडे गाडी नसेल, पण घरात ट्रॅक्टर असेल, दीर टेम्पो चालवत असतील, विहिरीवर जुनं इंजिन असेल. आणि ते बिघडलं की पैसे कुणाच्या डब्यातून निघतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आम्ही आजरा तालुक्यातल्या तीन बचत गटांच्या मिळून ३४ जणी. चार वर्षांपूर्वी तिन्ही गटांनी मिळून एक जुनी डिझेल पिकअप घेतली. घनसाळ तांदूळ, काजूगर, रताळी, नाचणीचे पापड आणि हंगामाप्रमाणे भाजी असा माल घेऊन ती आठवड्यातून दोनदा आंबोली घाट उतरते. सावंतवाडी, बांदा आणि पुढे गोव्यात म्हापशाला जाते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आमच्यासाठी मोठा. गाडी चालवते ती आमच्यातलीच एक. घेतली तेव्हा गाडी सात वर्षांची होती, आता अकरा वर्षांची आहे, आणि मीटरवर २,७०,००० किलोमीटरच्या वर आकडा आहे.

मागच्या वर्षभरात गाडी हळूहळू म्हातारी झाली. सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसायची. चढाला जिथं तिसऱ्या गिअरवर जायची तिथं दुसरा टाकावा लागायचा. मागून निळसर धूर. ऑइल तर प्यायचीच, महिन्याला चार लिटर वरून ओतावं लागायचं. ॲव्हरेज ९ वर आलं. दोनदा घाटातच थांबली, त्यातल्या एकदा रात्री पावसात, आणि गाडीत तीस क्रेट टोमॅटो. म्हापशाच्या व्यापाऱ्याने दुसऱ्या वेळी फोनवर स्पष्ट सांगितलं, की पुन्हा असं झालं तर माल दुसरीकडून घेईन. त्याचंही बरोबरच होतं. त्याला शुक्रवारी पहाटे माल लागतो, शुक्रवारी दुपारी नव्हे.

मग बैठकीत तीन मतं आली. एक, गाडी विकून टाका. भंगारवाला १,३०,००० द्यायला तयार होता. दुसरं, कर्ज काढून नवी घ्या. तिसरं, इंजिनकाम करा. नव्या गाडीचा हिशोब आम्ही फळ्यावर मांडला. गाडी रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या आसपास. दोन लाख हातातले घातले आणि आठ लाख पाच वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता १७,००० च्या पुढे. आमची गाडी सगळा खर्च जाऊन चांगल्या महिन्यात वीसेक हजार मागे टाकते, पावसाळ्यात त्याच्या निम्मे. म्हणजे जुलै-ऑगस्टचा हप्ता घरातून भरायचा. तो विचार तिथंच थांबला.

आमच्यातल्या एक मावशी साठीच्या आहेत. एकट्याच असतात, काजू फोडायच्या कामावर जातात. त्या शेवटपर्यंत गप्प बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “लाख रुपये त्या लोखंडात घालायचे आणि वर्षात ते परत बसलं, तर माझे पैसे कोण देणार?” या प्रश्नाला आमच्यातल्या कुणाकडेही उत्तर नव्हतं. म्हणून ठरलं, की आधी उत्तर शोधायचं, मग पैशाला हात लावायचा.

आता थोडं इंजिनाविषयी सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. विहिरीवरचं हँडल मारायचं इंजिन आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिलंय. वडील किंवा आजोबा आधी वरचा खटका उचलायचे, मग हँडल फिरवायचे. चाकाने वेग घेतला की खटका सोडायचे आणि इंजिन फटफट करून चालू व्हायचं. तो खटका काय करायचा? व्हॉल्व उघडा धरायचा, म्हणजे आतली हवा दाबली जायची नाही आणि हँडल हलकं फिरायचं. खटका सोडला की हवा कोंडली जायची. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवाच इतकी दाबतात, अठरा पटीच्या आसपास, की ती ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली ऑग्सबर्ग शहरात हे करून दाखवलं, त्याचंच नाव त्या तेलाला मिळालं. आमच्या पिकअपमध्ये हेच काम चार सिलिंडरांत चालतं.

म्हणजे डिझेल इंजिनाचा जीव दाबात आहे. दाब सुटला की सगळं बिघडतं. नीट तापत नाही म्हणून सकाळी लवकर चालू होत नाही. डिझेल पुरतं जळत नाही म्हणून ताकद कमी आणि खर्च जास्त. दाब कुठून सुटतो? एक तर पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली, नाहीतर व्हॉल्वच्या कडेने वर, नाहीतर हेडच्या पॅकिंगमधून. आमच्या गाडीत इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढलं की भातावरच्या ताटलीतून वाफ यावी तसे धुराचे भपकारे यायचे. याला गॅरेजमध्ये इंजिन बॅक मारतंय म्हणतात. दाब रिंगांच्या खाली जातोय, असा त्याचा अर्थ.

धुराचा रंगही ओळखायला शिका. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर तुंबलेला असेल, नोझल खराब असेल, नाहीतर कुणी पंप वाढवून ठेवला असेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर घाबरू नका, पण गाडी तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. तेव्हा गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नका.

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी न उघडता सांगितलं, “फक्त रिंगा टाकून देतो, ३५,००० मध्ये, तीन दिवसांत.” ऐकायला गोड वाटतं. बैठकीत काही जणी लगेच तयारही झाल्या. पण आमच्या ड्रायव्हरने विचारलं, की बोअर मापणार का? तर तो हसला. तिथून आम्ही उठलो. मापल्याशिवाय रिंगा टाकणं म्हणजे माप न घेता ब्लाऊज शिवणं.

गडहिंग्लजचे एक वयस्कर मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांनी पहिल्यांदा इंजिनाला हातच लावला नाही. गाडीखाली शिरून चासीवर हातोडीने ठोकत गेले. आमच्याकडचा पाऊस आणि खाली गोव्याकडची खारी हवा, चासी गंजून गेली असेल तर इंजिन नवं करून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. दोन ठिकाणी वरचा पापुद्रा निघाला, पण आतलं लोखंड घट्ट वाजलं. मग गिअरबॉक्स, मग कागदपत्रं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं, ते वेळेवर केलंय का हेही त्यांनी विचारलं. सगळं पाहून म्हणाले, “वैनी, गाडी ठेवण्यासारखी आहे. आता पोट बघू.”

त्यांनी नोझल काढून त्या जागी दाबाचं मीटर लावलं आणि चारही सिलिंडर एकेक करून तपासले. कारच्या टायरमध्ये आपण ३०-३५ पौंड हवा भरतो. निरोगी डिझेल इंजिनात हा दाब साधारण ३५० ते ४५० पौंड भरतो. आमचे आकडे आले ३१०, ३००, २३० आणि २९०. तिसरा सिलिंडर सगळ्यात मेलेला. आमच्यातल्या एकीने ते आकडे तिथंच वहीत लिहून घेतले आणि मामांची सही घेतली. हा कागद पुढे फार उपयोगी पडला, कारण काम झाल्यावर परत मापून ताडून पाहता आलं.

मावशींचा प्रश्न आम्ही मामांपुढे तसाच ठेवला. परत बसलं तर? मामांनी सांगितलं, “का बसलं ते आधी शोधायचं. कारण तसंच ठेवून नवं सामान टाकलं तर ते वर्षभरात जातंच. लोक इंजिन बांधतात, कारण नाही काढत.” मग त्यांनी एअर फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप काढला. वरून तो चांगला दिसत होता. खालच्या बाजूला, क्लिपच्या आत, बोटभर चीर, आणि तिच्यावर चिकटपट्टी. पट्टी इतकी जुनी की रबराशी एकजीव झालेली. म्हणजे आधीच्या मालकाच्या वेळचीच. फिल्टर आम्ही वेळच्या वेळी बदलत होतो, आणि धूळ फिल्टरला वळसा घालून या चिरेतून आत जात होती. रस्त्याची लाल धूळ आणि ऑइल एकत्र झालं की पॉलिशपेपर तयार होतो, आणि पिस्टन मिनिटाला दोन-तीन हजार वेळा तो सिलिंडरवर घासतो. इंजिन असं मेलं होतं.

दुसरं कारण त्याहून गमतीचं. थर्मोस्टॅटच्या जागी थर्मोस्टॅट नव्हताच. कुणीतरी काढून टाकलेला. आपल्याकडे पुष्कळ गॅरेजांत समज आहे, की तो काढला की इंजिन थंड राहतं, म्हणजे चांगलं. पण इंजिन हे काही माठातलं पाणी नव्हे, त्याला थंड राहून चालत नाही. ८०-९० अंशांच्या आसपास ते नीट चालतं. थर्मोस्टॅट इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो आणि तापल्यावर उघडतो. तो नसला की आमच्यासारख्या थंड, पावसाळी भागात इंजिन तासभर कोमटच राहतं. डिझेल जास्त लागतं, झीजही जास्त होते. काही शे रुपयांची ती वस्तू. तुमच्या गाडीत आहे का, हे उद्याच विचारा.

त्यानंतर मामांनी लेखी अंदाजपत्रक दिलं. तेव्हा आणखी एक पर्याय समोर आला होता, जुन्या बाजारातून वापरलेलं इंजिन आणून बसवायचं. स्वस्त पडतं. पण इंजिन बदललं की नंबर बदलतो, आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करावी लागते, आणि ते इंजिन कुठल्या गाडीचं, चोरीचं की काय, हे कोण सांगणार? आपलाच ब्लॉक ठेवून आतलं काम केलं तर नंबर तोच राहतो. आम्ही दुसऱ्याच्या पोटातलं इंजिन नको म्हणालो.

इंजिन उतरवल्यावर ब्लॉक, क्रँक आणि हेड कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवाल्यांकडे गेलं. कोल्हापूरच्या माणसांना उद्यमनगर सांगायला नको. ऑइल इंजिनं, ओतकाम, लेथ यांवरच तो भाग उभा आहे. आमच्यातल्या तिघी सोबत गेल्या. आत बायका पाहून कामगार थोडे बिचकले, मग एकाने स्टूल दिलं आणि नंतर स्वतःहून सगळं दाखवायला लागला.

बोअर वरून गुळगुळीत दिसत होतं. त्याने आमच्या एकीला नख फिरवायला सांगितलं. वरच्या टोकाजवळ नख अडलं. रिंग जिथपर्यंत पोहोचते तिथपर्यंत भिंत झिजलेली आणि त्याच्या वर जुनी पायरी शिल्लक. मापकाट्याने वर, मध्ये, खाली अशा तीन जागी आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी मापलं. वरच्या बाजूला पाव मिलिमीटर झीज, आणि तीही गोल नाही, अंडाकृती. आता सांगा, गोल रिंग अंडाकृती भोकात काय बसणार? ३५,००० मध्ये फक्त रिंगा टाकल्या असत्या तर पैसे धुरात गेले असते, आणि हे मामांचं नव्हे, काट्याचं म्हणणं.

चारही नवे लायनर दाबून बसवले, मापात बोअर केले आणि शेवटी होनिंग. होनिंग म्हणजे काय हे आम्हाला पाहिल्याबरोबर कळलं. पाटा गुळगुळीत झाला की त्यावर वाटण होत नाही, मग टाकीवाली येऊन टाकी लावते. तसंच. सिलिंडरच्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघांची जाळी काढतात. त्या रेघांत ऑइल टिकतं आणि नव्या रिंगा त्यावर घासून आपली जागा धरतात. अगदी आरशासारखं चकचकीत बोअर दिसलं तर खूश होऊ नका.

क्रँकच्या दोन जागी ओरखडे होते, म्हणून तो पाव मिलिमीटर घासून दहाची बेअरिंग घातली. घासल्यावर क्रँकच्या आतली ऑइलची छिद्रं तारेने आणि हवेने साफ करायची असतात. घासल्याचा चुरा तिथं राहिला तर नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी जातात. हेडचे व्हॉल्व बसवून त्या पोकळीत रॉकेल ओतलं आणि खालून पाझरतंय का पाहिलं. दोन ठिकाणी पाझरलं, त्या सीटा पुन्हा घासल्या. हेड वाकलंय का, चीर आहे का, हेही तपासलं. ते सुदैवाने चांगलं निघालं. आणि मेलेल्या तिसऱ्या सिलिंडरचं उत्तर पिस्टनच्या डोक्यावरच होतं, किड्याने खाल्ल्यासारखे खड्डे. त्याचं नोझल फवारा मारायच्या ऐवजी थेंब गाळत होतं. थेंब नीट जळत नाही, पिस्टन जाळतो, आणि भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतो.

म्हणून पंप आणि नोझलं यांवर आम्ही काटकसर केली नाही. नोझल तपासायच्या यंत्रावर ठेवून फवारा डोळ्यांनी पाहिला. पंप चारही सिलिंडरांना सारखं डिझेल देईल असा लावून घेतला. काही ड्रायव्हर पंप वाढवून मागतात, गाडी ओढते म्हणून. ओढते खरी, पण काळा धूर आणि ॲव्हरेज खलास. आमच्या ड्रायव्हरने मामांना आधीच बजावलं होतं, कंपनीच्या मापापेक्षा थेंबभर जास्त नको.

जोडणीच्या दिवशी आम्ही सहा जणी गॅरेजवर होतो. रिंगांच्या टोकांमधली फट पातळ पट्ट्यांनी तपासतात. फट नसेल तर गरम झाल्यावर रिंग फुगून अडकते, जास्त असेल तर दाब सुटतो. एका पिस्टनवरच्या रिंगांच्या फटी एका ओळीत येऊ द्यायच्या नाहीत, वाडा आणि सोपा यांची दारं समोरासमोर असली की वारा सरळ आरपार जातो तसं होतं. हेडचे बोल्ट मधून सुरू करून कडेकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळले. नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळतो म्हणणाऱ्याकडे डिझेल इंजिन देऊ नये, असं आमचं मत झालंय. मामांचा चाळीस वर्षांचा हात, पण पाना मात्र मापाचाच.

खर्च एकूण १,०७,००० झाला. त्यात मामांची मजुरी १८,०००, लेथचं काम १६,५००, पिस्टन-रिंग-लायनरचा संच १७,०००, पंप-नोझल १४,०००. बाकी बेअरिंग, व्हॉल्व, पॅकिंग, ऑइल पंप, पाण्याचा पंप, पाइप, ऑइल, कूलंट वगैरे. गिअरबॉक्स उतरलेलाच होता म्हणून ७,५०० ची क्लच प्लेटही बदलून घेतली, नाहीतर चार महिन्यांनी पुन्हा तीच मजुरी. ४७,००० तिन्ही गटांच्या गाडी खात्यातले आणि ६०,००० ग्रामसंघाकडून, महिना ५,००० मुद्दल आणि वर व्याज. काम १९ दिवस चाललं.

पैसे तीन टप्प्यांत दिले. प्रत्येक बिलावर सामानाचं नाव आणि नंबर. जुनं सामान पोत्यात भरून परत घेतलं. हे नक्की करा. एक तर खरंच बदललं का ते कळतं, आणि भंगाराचे पैसेही येतात. आम्ही तिसरा पिस्टन मात्र विकला नाही, कार्यालयात कपाटावर ठेवलाय. मामांनी सहा महिने लेथकामाची आणि जोडणीची जबाबदारी आमच्या इतिवृत्ताच्या वहीत स्वतः लिहून दिली. खाली अट, पाणी-ऑइल न पाहता पळवली तर जबाबदारी नाही. मावशींनी ते पान मोठ्याने वाचायला लावलं आणि मग अंगठा न उठवता सही केली. सही त्या मागच्या वर्षीच शिकल्यात.

काम झाल्यावर पुन्हा दाब मापला. चारही सिलिंडर ४०० ते ४१५ च्या मध्ये.

नवं बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर जपून चालवायचं. पूर्ण भार नको, एकसारख्या वेगाने तासन्‌तास नको, पण नुसतं उभं ठेवून घुर्र करतही ठेवायचं नाही. रिंगांना जागा धरायला थोडं काम द्यावं लागतं. हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलला. जुन्या ऑइलमध्ये बारीक चमक दिसली, ती पहिल्या वेळी दिसतेच. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी बंद. हंड्याच्या बुडाला जसा क्षार धरतो तसाच तो इंजिनाच्या आत धरतो. कूलंटच घालायचं.

एक गोष्ट मात्र आम्हाला कोड्यात टाकून गेली. इंजिन नवं, धूर नाही, ताकद आली, तरी ॲव्हरेज ११ च्या पुढे जाईना. काही जणी कुजबुजायला लागल्या. मामांनी गाडी जॅकवर उचलून चाकं हाताने फिरवली, तर मागचं डावं चाक अडकत अडकत फिरत होतं. ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. म्हणजे घरभर भाकऱ्या थापायच्या आणि एक हात कुणीतरी धरून ठेवायचा. ब्रेक साफ करून लावला, चारही टायरांत हवा मापाची केली, आणि ॲव्हरेज १२ वर आलं.

ॲव्हरेज अंदाजाने सांगू नका. टाकी तोंडापर्यंत भरायची, मीटरचा आकडा लिहायचा. पुढच्या वेळी पुन्हा तोंडापर्यंत भरायची, जेवढे लिटर बसले त्याने मधल्या किलोमीटरला भागायचं. शक्यतो त्याच पंपावर. आमची गाडी महिन्याला २,४०० किलोमीटर पळते. ९ च्या ॲव्हरेजला २६७ लिटर लागत होते, १२ ला २०० लागतात. ६७ लिटर वाचले. ९२ रुपयांनी धरले तर ६,१०० च्या वर, आणि वरून ओतायच्या ऑइलचे सोळाशे वेगळे. म्हणजे महिन्याला ७,७००. या हिशोबाने लावलेले पैसे साधारण चौदा महिन्यांत निघतात. वाया गेलेला माल आणि टोईंगचं भाडं आम्ही यात धरलेलं नाही.

घाट उतरताना काही ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकतात, डिझेल वाचतं म्हणून. हे खोटं आहे आणि जीवघेणं आहे. गाडी गिअरमध्ये असली आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि आंबोलीसारख्या उतारावर लागेनासे होतात. घाट चढून वर आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, मिनिटभर चालू ठेवायची. टर्बो तेव्हा तापलेला असतो, त्याला ऑइल मिळत राहायला हवं.

ज्या मैत्रिणींना गाडी चालवायची इच्छा आहे त्यांच्यासाठी आणखी एक. साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाडीला हलक्या मोटार वाहनाचं साधं लायसन्स चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलंय. वेगळ्या बॅजसाठी अडून बसू नका.

काम होऊन आता सात महिने झाले. गाडी १६,००० किलोमीटरच्या वर पळाली, घाटात एकदाही थांबली नाही. म्हापशाचा व्यापारी टिकला. ग्रामसंघाचे ३५,००० मुद्दल फिटले, २५,००० राहिलेत. मामांच्या लेखी जबाबदारीची मुदत संपली, त्यामुळे मावशी आता जास्तच सावध आहेत. गाडी त्यांच्याच परड्याला उभी असते. सकाळी ड्रायव्हर येण्याआधी त्या खालच्या फरशीवर ऑइलचा डाग पडलाय का पाहतात आणि पाहिल्याची खूण भिंतीवर खडूने करतात.

आमच्या डिझेलच्या नोंदवहीचं पान कसं आखलंय, ते मासिकाच्या याच अंकात छापायला दिलं आहे. रकाने पाचच आहेत. तारीख, मीटर, लिटर, रुपये आणि वरून घातलेलं ऑइल. ट्रॅक्टरला किलोमीटरऐवजी तासांचा आकडा लिहा.